बैठकीचं बोलावणं आलंय? आधी पायरी ओळखा

काही वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठी एका जेटीसाठी बैठक झाली. शाळेच्या पडवीत सतरंज्या, पुढे टेबल, आणि दारात एक वही. "सही करा, मग बसा," म्हणून वही हातोहात फिरत होती. मीही सही केली. पानाच्या वर काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसते तीन रकाने होते: नाव, वाडी, सही. चार महिन्यांनी जेटीच्या फायलीत त्याच पानाची झेरॉक्स पाहायला मिळाली. आता वर मथळा होता: "प्रस्तावास संमती देणारे ग्रामस्थ." तेविसावी सही माझी.

त्या दिवशी आम्ही हजर होतो. संमती कुणीच दिली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती. हा फरक मला आधी कुणी समजावून सांगितला असता तर त्या पानावर माझी सही गेली नसती. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आला असाल, मच्छीमार सोसायटीच्या संचालक मंडळात नवे असाल, पाणी समितीवर तुमचं नाव आलं असेल किंवा एखाद्या संस्थेतर्फे गावात बैठका घ्यायला निघाला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

शब्दाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. सरकारी कागदांत "भागधारक" असं लिहितात. कंपनीचे शेअर घेणाराही भागधारकच, त्यामुळे गावात हा शब्द ऐकून लोकांचा गोंधळ होतो. मी "हितसंबंधी" म्हणतो. निर्णयाचा ज्याच्या पोटावर, जागेवर, पाण्यावर किंवा मानावर परिणाम होणार, तो हितसंबंधी.

पहिला प्रश्न: सही कुणाची?

कुठल्याही बैठकीची नोटीस हाती आली की पहिल्यांदा दोन गोष्टी विचारा, जमलं तर लेखी. या विषयावर शेवटची सही कुणाची होणार? आणि ती होण्याआधी यातलं काय बदलू शकतं?

एवढ्यानेच बरंचसं कळतं. "जागा ठरली आहे, फक्त तुमची मतं घ्यायची आहेत" असं उत्तर आलं तर जागेवर घसा कोरडा करून फायदा नाही. मग कामाची वेळ, भराव कुठला, खाडीतून होड्यांना वाट किती, यावर जोर लावा. "अजून काहीच ठरलेलं नाही" असं सांगितलं गेलं तर तेच वाक्य इतिवृत्तात घ्यायला सांगा. खरोखर काही ठरलं नसेल तर ते लिहून घ्यायला कुणाची हरकत नसते.

आठ पायऱ्या

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची एक शिडी मांडली. अमेरिकेच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांसाठी सरकारी योजना चालू होत्या, त्या कामात त्या स्वतः होत्या. प्रत्येक योजनेत "लोकसहभाग" हा शब्द होता, पण निर्णय कुणाच्या हातात आहे हे दर ठिकाणी वेगळं निघत होतं. त्यांनी त्याच्या आठ पायऱ्या केल्या. लेखासोबत फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रकही दिलं होतं. त्यात क्रियापद चालवलेलं आहे: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो सहभागी होतो, आम्ही, तुम्ही… आणि शेवटी, ते नफा कमावतात.

खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. पहिलीवर लोकांना गर्दीसाठी आणतात. दुसरीवर लोकांचंच काहीतरी बिघडलंय असं धरून त्यांची समजूत काढतात. आपल्याकडे नोटिशीवर "ग्रामस्थांचे गैरसमज दूर करण्यासाठी सभा" असं छापलेलं दिसलं की ती दुसरी पायरी समजा. तुमची शंका हा गैरसमजच आहे, हे तिथे आधीच ठरलेलं असतं.

तिसरी पायरी माहिती देण्याची. चौथी सल्लामसलतीची. पाचवीला मी बोळवण म्हणतो: समितीत गावातले दोघं-तिघं घेतात, त्यांना चहा-नाश्ता आणि मान मिळतो, पण मतदान झालं तर त्यांचं पारडं कधीच जड होत नाही. या तिन्ही पायऱ्यांवर तुमचं ऐकून घेतील, पण ऐकलेलं मानायचं बंधन कुणावर नसतं.

सहावीपासून सत्ता वाटली जाते. सहावी भागीदारी: दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायचं आणि ठरलेलं एकट्याने बदलायचं नाही. सातवी सोपवलेल्या अधिकाराची: एखाद्या विषयापुरता शेवटचा शब्द लोकांचा. आठवीवर सगळा कारभारच लोकांच्या हाती.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालताना एक जण बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवापुढे ते शोभतं, कारण मागणं सगळ्यांचं एकच असतं. जेटीच्या बैठकीत वरच्या वाडीचं मागणं वेगळं असतं, मच्छीमारांच्या खारवीवाडीचं वेगळं. तिथे सगळ्यांकडून एका सुरात "व्हय" आलं तर कुणाचं तरी म्हणणं राहून गेलं आहे असं धरा.

आठवी पायरी कशी असते हे पाहायला परदेशात जायला नको. मालवण किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहा. होडी जाळं टाकत वळसा घालून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि बाया-माणसं दोन रांगांनी ते ओढत मागे सरतात. जाळं वाळूवर आलं की तिथेच वाटे पडतात. ज्याच्या जाळ्याचा भाग त्याला वाटा, होडीला वाटा, दोर ओढणाऱ्याला वाटा. वाटणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून तक्रार असेल तर तीही तिथेच होते. सत्तेच्या वाटणीबद्दल नव्या माणसाला सांगताना मी हेच उदाहरण देतो: दोर कुणी ओढला आणि वाटा कुणाला मिळाला, हे एकाच जागी उभं राहून दिसलं पाहिजे.

कुठली बैठक कुठल्या पायरीवर

जनसुनावणीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी द्यायच्या आधी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घेतात. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी असतात. किमान ३० दिवस आधी नोटीस लागते. पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. गणपूर्तीची, म्हणजे किमान इतकी माणसं हवीतच अशी, अट नाही.

म्हणजे दोन हजार माणसं आली आणि सगळ्यांनी हात वर करून "नको" म्हटलं, तरी ते मतदान होत नाही. कायद्यानेच ही चौथी पायरी आहे. मंजुरी द्यायची की नाही ते केंद्राच्या किंवा राज्याच्या पातळीवर ठरतं. हे माहीत नसलेली माणसं सुनावणी उधळून लावतात आणि जिंकलो समजून घरी जातात. त्यांचे मुद्दे मात्र कागदावर येतच नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: सुनावणी पुरेशी नोटीस न देता किंवा मराठी कागद न देता होत असेल तर ती पुढे ढकलायची मागणी लेखी करा, पण ती होणारच असेल तर आत जाऊन बोला. तिथे मांडलेल्या प्रत्येक हरकतीला प्रकल्पवाल्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी गोषवारा मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोपर्यंत बहुतेक मंडळी एसटी पकडायला निघून गेलेली असतात. दहा माणसं तरी शेवटच्या ओळीपर्यंत बसवा.

ग्रामसभेचं वेगळं आहे. वर्षाला किमान चार सभा, साध्या सभेला सात दिवसांची नोटीस, गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणंही बंधनकारक आहे. ती कित्येक ठिकाणी रजिस्टरातच होते, पण खरी घेतली तर फार उपयोगी पडते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या तारखेला कंटाळून घरी राहिलात तर दुसऱ्या तारखेला वीस माणसांत ठराव होऊन जाईल.

गावचा निधी, लाभार्थींची निवड, पाण्याची योजना यांत ग्रामसभा वरच्या पायऱ्यांवर असते. नळपाणी योजनेच्या समितीचंच बघा. जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे त्यात निम्म्या बायका हव्यात, आणि गावाने आपला वाटाही भरायचा असतो. बाहेरून येणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला मात्र ग्रामसभेचा ठराव आपोआप थांबवत नाही. तो ठराव म्हणजे गावाचं म्हणणं असल्याचा भक्कम पुरावा. पुढे तो कोर्टात, आयोगापुढे, वर्तमानपत्रात कामाला येतो. "पेसा लावू" असं आमच्या बाजूला कुणीतरी दर सभेत म्हणतं. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा. तो अनुसूचित क्षेत्रात लागू आहे: डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा अशा उत्तर कोकणातल्या तालुक्यांत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तो नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर भाषण करू नका.

जमिनीच्या बाबतीत २०१३ च्या भूसंपादन कायद्यात संमतीचे आकडे आहेत. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. ही खरी वरची पायरी, कारण इथे नकाराला किंमत आहे. पण एमआयडीसीसाठी जमीन १९६१ च्या वेगळ्या कायद्याखाली घेतात आणि तिथे ही टक्केवारी येत नाही. म्हणून नोटिशीत कायद्याचं नाव आणि कलम काय लिहिलंय ते पहिल्यांदा वाचा. ती एकच ओळ तुम्ही चौथ्या पायरीवर आहात की सातव्या, ते सांगते.

मतदान झालं म्हणजे सत्ता मिळाली असंही नाही. २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची का, यावर सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांचं मत घेतलं. पण त्या मतदानाचा निकाल मानलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. लोकांचा कौल जड पडला तो दबाव म्हणून. मत घ्यायच्या आधीच "निकाल काहीही लागो, तो बंधनकारक राहील" हे लिहून घेता आलं तरच पेटी ठेवण्याला वजन येतं.

कोण आलं नाही ते मोजा

अर्नस्टीनबाईंनीच सांगून ठेवलंय की शिडीत सोपेपणासाठी एका बाजूला सत्ताधारी आणि दुसऱ्या बाजूला लोक असे दोन गठ्ठे केले आहेत, प्रत्यक्षात दोन्हींकडे फुटी असतात. कोकणात तर एका वाडीचं दुसऱ्या वाडीशी पटत नाही. "गाव म्हणतंय" असं कुणी म्हणालं की कुठलं गाव, हे विचारा.

जेटीच्या त्या बैठकीत सोसायटीचे सभासद होते, ट्रॉलरवाले होते, बागायतदार होते. जिथे भराव पडायचा होता तिथे सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी गुडघाभर चिखलात उतरून कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या आठ-दहा बायका नव्हत्या. त्या कुठल्याच सोसायटीच्या सभासद नाहीत, सातबारावर त्यांची नावं नाहीत, होडी नाही. बैठक सकाळी अकराला होती आणि त्या दिवशी सुकतीची वेळ तीच होती. मी नंतर त्यांतल्या एका काकींना विचारलं, तर म्हणाल्या, "आमी बोलान काय होतला? तेंचा आधीच ठरलेला आसा." खाडीचा तो पट्टा कुणाच्या पोटाला लागतो, हे सगळ्या कागदांत कुठेच आलेलं नव्हतं.

म्हणून बैठक ठरवण्याआधी एक फेरी मारा आणि एका साध्या कागदावर वाडीवार लिहा: कोण जागा वापरतं, कधी वापरतं, कागदावर त्याचं नाव आहे का. कुळं, सामाईक सातबाराचे मुंबईतले हिस्सेदार, जाळी विणणारे, मासे विकणाऱ्या बायका, बंदरावरचे खलाशी, सगळे. मग तारीख काढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार घरी सापडतात, पण शेतकरी लावणीत असतात. मार्च ते मे आंबा-काजूवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. चाकरमान्यांचं मत हवं असेल तर शिमगा किंवा गणपती. पण गणपतीत बैठक ठेवायची तर गौरीविसर्जनानंतर. किनाऱ्यावरच्या वाडीसाठी तिथी बघा, भरती-सुकतीचं गणित मांडा. एकाच बैठकीत सगळे येतील हा हट्ट सोडा. बायकांची वेगळी बैठक त्यांच्याच अंगणात घ्या.

कागदाची शिस्त

इथे फार खोलात शिरत नाही, पण चार सवयी लावून घ्या.

बोलण्याआधी मुद्दा लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. नकाशा, अहवाल, मागचं इतिवृत्त बैठकीच्या आधी मागा. मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, त्याला साधारण ३० दिवस लागतात, म्हणून उशीर करू नका. कोऱ्या पानावर सही करू नका. हजेरीच्या पानावर स्वतःच्या हाताने "फक्त उपस्थिती" लिहा, तारीख घाला. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायला सांगा. ठरावाचा मसुदा मोठ्याने वाचून घ्या, आणि तुमचा विरोध असेल तर "यांचा विरोध नोंदवला" ही ओळ येईपर्यंत जागेवरून हलू नका.

भाषेवरून लाजू नका. सह्याद्रीसाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांकडे खास लक्ष द्यायचं काम तिच्याकडे होतं. तिचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला सादर झाला आणि लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं. संवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असं त्या समितीचं म्हणणं होतं. पण मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. गावागावांत तो पोचला तो कुणी कुणाला सांगितलेल्या गोष्टींतून, आणि घर बांधायला बंदी, गुरं चारायला बंदी असल्या अफवांतून. कागद मराठीत मागणं हा हक्क समजून मागा.

एक पायरी वर कशी चढायची

चौथ्या पायरीवरून थेट आठवीवर उडी मारायला जाऊ नका. पुढची एकच पायरी मागा, आणि ती वस्तूच्या रूपात मागा. "आम्हाला विश्वासात घ्या" या मागणीला "घेतो" एवढं उत्तर पुरतं. त्याऐवजी असं मागा: आमच्या मुद्द्यांना १५ दिवसांत लेखी उत्तर, देखरेख समितीत निम्म्या जागा, आणि आमची माणसं ग्रामसभेने निवडलेली, भराव टाकायच्या दिवशी समितीच्या दोघांची सही असल्याशिवाय बिल निघणार नाही. ही शेवटची मागणी मान्य झाली तर तुम्ही खऱ्या अर्थाने सहाव्या पायरीवर आलात, कारण आता पैशाच्या वाटेवर तुमची सही आहे. जाणकार माणूस लावायचा खर्चही मागा. समोर इंजिनियर बसवलेला असताना आपल्याकडे नुसता अनुभव असेल तर आपल्याला "भावना" म्हणून बाजूला काढतात.

तुम्ही बैठक घेणारे असाल तर तुमच्यासाठी एकच नियम: जेवढी पायरी देणार तेवढीच सांगा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, आणि मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध इतक्या वर्षांत निवला नाही. उलट मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायचं काम गावातल्या माणसांना बरोबर घेऊन उभं केलं. पुढे कासवं पाहायला येणाऱ्यांची जेवणाखाण्याची, राहायची सोय गावातल्या घरांनी केली आणि त्याचे पैसे त्याच घरांत राहिले. दोन्हीकडे हेतू समुद्रजीव वाचवायचाच होता, फरक पायरीचा. माहिती द्यायला आला असाल तर "माहिती द्यायला आलोय, निर्णय झालाय" असं तोंडावर सांगा. लोक चिडतील, पण पुढच्या वेळी तुमच्या बोलावण्यावर येतील.

बैठक झाल्यावर घरी आल्या आल्या, रात्रीच, कोण काय बोललं ते आपल्या वहीत उतरवा. अधिकृत इतिवृत्ताची प्रत मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. "चर्चेअंती सर्वानुमते" हे शब्द कुठे आले ते बघा आणि तिथे खरंच सर्वानुमत होतं का ते आठवा. फरक सापडला तर लेखी कळवा, पोच घ्या. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. लोक येऊन टेकेपर्यंत तो विषय उरकलेला असतो. चूक दुरुस्त करायची जागा तीच. त्या दिवशी पाच मिनिटं आधी पोचा आणि पुढच्या सतरंजीवर बसा.